निर्विवाद कलमांची निळी फाईल

देशाची राज्यघटना कोण घडवतं? विद्वान घडवतात, पुढारी घडवतात, असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मी बारा दिवस घटना सभेच्या सभागृहात बसलोय आणि अनुभवाने सांगतो, घटना घडवतो तो घंटा वाजवणारा माणूस! म्हणजे मी.

माझा हुद्दा ‘वेळ-लेखनिक’. अध्यक्षांच्या डाव्या हाताला, दोन पायऱ्या खाली, माझं टेबल. टेबलावर एक पितळी घंटा, एक घड्याळ आणि दोन फायली. एक लाल, एक निळी. घटनेच्या मसुद्यात एकशे अकरा कलमं होती. ज्या कलमावर एका तरी सभासदाने आक्षेपाची चिठ्ठी दिली, ते लाल फायलीत. त्यावर चर्चा, मग मतदान. ज्यावर कोणाचीच चिठ्ठी नाही, ते निर्विवाद, म्हणजे निळ्या फायलीत. निळी फाईल शेवटच्या दिवशी मी उभं राहून एका दमात वाचायची, सगळ्यांनी ‘मंजूर’ म्हणायचं आणि घरी जायचं. दहा मिनिटांचं काम!

चर्चेत बोलायला प्रत्येकाला पाच मिनिटं. पाच झाली की मी घंटा वाजवणार. मग समोर मंत्री असो की मंत्र्याचा मेहुणा, खाली बसायचं! एक्क्याऐंशी सभासद मला वचकून होते. घरी मला कोणी वचकत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा म्हणजे माझी भाची. आम्ही तिला बटण म्हणतो, कारण दोन वर्षांची असताना तिने डॉक्टरच्या कोटाचं बटण गिळलं होतं. माझी ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला आहे, त्यामुळे घरात बटणं फार. बटणचा बाप ती जन्मायच्या आधीच नोकरी शोधायला म्हणून परदेशी गेला, तो आजतागायत शोधतोच आहे. आणि जुन्या कायद्याप्रमाणे मुलाला नागरिकत्व मिळायचं ते बापाचं ओळखपत्र दाखवून. बाप कोण ते सगळ्या गल्लीला माहीत, पण बापाचं ओळखपत्र बापाबरोबर गेलेलं! म्हणजे पोरगी इथे जन्मली, इथे शिकली, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत पहिली आली, पण सरकारच्या दृष्टीने ती नव्हतीच.

नर्सिंग शाळेच्या मेट्रनबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, “महिनाअखेरपर्यंत तुझी जागा धरून ठेवते. नव्या घटनेत सदतिसावं कलम आहे, आईच्या नावावरून नागरिकत्व मिळायचं. ते मंजूर झालं की कागद घेऊन ये.”

त्या दिवसापासून ताई मला रोज विचारायची, “सदतीसचं काय?”

“ताई, तू निर्धास्त राहा,” मी म्हणायचो. “घंटा कोणाच्या हातात आहे?”

सदतिसावं कलम लिहिलं होतं डॉक्टरीणबाईंनी. सभासदांमधल्या त्या एकट्याच अशा, की ज्या घंटा व्हायच्या आत बसायच्या. पण ते कलम लाल फायलीत अडकलं होतं. आक्षेपाची चिठ्ठी होती, एकच! मी बाईंना म्हटलं, “बाई, ती चिठ्ठी मागे घ्यायला लावू का? कलम निळ्या फायलीत जाईल. चर्चाच नको.”

बाई म्हणाल्या, “नको. लालमध्येच राहू दे. दुसऱ्या दिवशी पाचव्या नंबरला आहे. उघड भांडून घेऊ या, म्हणजे नंतर कोणी नाही म्हणायला नको.”

किती भोळी बाई, असं मला वाटलं. भांडून काय मिळतं या जगात? मी वीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. सरकारात गोष्ट करून घ्यायची असेल तर ती कोणाच्या नजरेला पडू द्यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक. मी बाईंपुढे मान डोलावली आणि सरळ चिठ्ठीवाल्याकडे गेलो.

चिठ्ठीवाले म्हणजे विरोधी पक्षातले एक वकील. सभागृहात सगळे त्यांना हरकतसाहेब म्हणत. अध्यक्षांनी ‘सुप्रभात’ म्हटलं तरी ते हरकत घ्यायचे. मी त्यांना जिन्यात गाठलं.

“साहेब, तुमची सदतीस नंबरवर चिठ्ठी आहे.”

“सदतीस? ते कुठलं?”

“आईच्या नावावरून नागरिकत्व.”

“त्यावर माझी हरकत आहे?”

“आहे साहेब.”

“काय हरकत आहे?”

“ते चिठ्ठीत लिहिलेलं नाही. नुसतं ‘हरकत’ आणि खाली सही.”

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग त्यांचा चेहरा उजळला. “हां, आठवलं! प्रत्येकाला दहा चिठ्ठ्या मिळाल्या होत्या ना? माझ्या नऊ संपल्या. दहावी वाया कशाला घालवायची? डोळे मिटून पान उघडलं, सदतीस निघालं!”

वाचकहो, माझ्या भाचीचं आयुष्य या उरलेल्या दहाव्या चिठ्ठीखाली दबलेलं होतं! मला त्यांची गचांडी धरावीशी वाटली. पण सरकारी माणसाने गचांडी धरायची नसते, हात जोडायचे असतात. मी हात जोडले.

“घेतो की मागे,” साहेब म्हणाले. “पण माझंही एक काम कर. पाच मिनिटांत माझं ‘अध्यक्ष महाराज’च संपत नाही. मला घंटा सहा मिनिटांनी दे. एक मिनिट! कोणाला कळतंय?”

एका मिनिटात भाचीचा जन्म सार्थकी लागत होता. मी हो म्हटलं. चिठ्ठी परत घेतली, सदतिसावं कलम लाल फायलीतून काढून निळ्या फायलीत लावलं आणि संध्याकाळी ताईला जाऊन सांगितलं, “झालं समज!”

ताईने त्या दिवशी मला जेवायला थांबवलं. बटणने नर्सिंग शाळेच्या अर्जावर स्वतःचा फोटो चिकटवला.

दुसऱ्या दिवशी चर्चा होती तिसऱ्या कलमावर. राष्ट्रचिन्हावरच्या पक्ष्याने डावीकडे बघावं की उजवीकडे? हरकतसाहेब उठले आणि पक्ष्याच्या मानेवर सहा मिनिटं बोलले. मी घड्याळाकडे न बघता छताकडे बघत होतो. सहाव्या मिनिटाला घंटा दिली. कोणाला कळलं नाही.

एका माणसाला कळलं. ते म्हणजे मास्तर, सरकार पक्षाचे सभासद. चाळीस वर्षं मुख्याध्यापक होते, खिशात साखळीचं घड्याळ. मधल्या सुट्टीत मी हात धूत होतो, तर मागून आवाज आला, “सहा मिनिटं, दहा सेकंद.”

माझ्या हातातला साबण निसटला.

“मास्तर, ते जरा...”

“मी कोणाला सांगणार नाही,” मास्तर म्हणाले. “मलाही सहा दे.”

मी काय करणार? दिली. मास्तरांनी कोणाला सांगितलं नाही, फक्त आपल्या पक्षातल्या एका जिवलग मित्राला सांगितलं. त्या मित्राला आणखी जिवलग मित्र होते. हरकतसाहेबांनाही त्यांच्या पक्षात असेच जिवलग होते. चौथ्या दिवशी सरकार पक्षाच्या बागायतदारबाई माझ्या टेबलाशी वाकून म्हणाल्या, “भाऊ, मला सात. विरोधकांना सहा आहेत म्हणे.” पाचव्या दिवशी विरोधक आले, “त्यांना सात आहेत म्हणे!” सहाव्या दिवशी निम्मं सभागृह सात-सात मिनिटं बोलत होतं आणि प्रत्येकाची खात्री होती की ही सवलत फक्त आपल्यालाच आहे. मला जो तो डोळा मारायचा. माझी मान अवघडली, इतके नमस्कार मी त्या आठवड्यात घेतले.

इकडे वेळापत्रक सांभाळणाराही मीच. एकेका वक्त्यामागे दोन मिनिटं, म्हणजे दिवसाला दीड तास पाण्यात! आणि कायद्याने सभेची मुदत बाराव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंतच. पाच वाजले की सभा बरखास्त. पक्षी अजून डावीकडे-उजवीकडे बघत होता. त्यानंतर खुर्च्यांची उंची, सभापतींच्या झग्याचा रंग, कोणी कोणाला आधी नमस्कार करायचा, अशी तालेवार कलमं रांगेत उभी होती. मी निळ्या फायलीवर हात ठेवून बसायचो. शेवटच्या दिवशी मला फक्त दहा मिनिटं हवी होती. दहा!

मग मला युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांनी आजवर माझं कधी भलं झालेलं नाही, पण त्या सुचायच्या थांबत नाहीत. ज्यांनी जास्त मिनिटं मागितली नव्हती, त्यांची मिनिटं कापायची! गरीब स्वभावाचे, मागच्या बाकावरचे पंधरा-वीस सभासद होते. त्यांना घंटा चार मिनिटांनी. मग साडेतीन. ते बिचारे दचकून बसायचे आणि शेजाऱ्याला विचारायचे, “मी एवढं बोललो?”

नवव्या दिवशी मधवाला उठला. डोंगरातून आलेला, मधमाश्या पाळणारा माणूस. नऊ दिवसांत एक शब्द बोलला नव्हता. नद्यांच्या कलमावर त्याला बोलायचं होतं. चार पानं लिहून आणली होती आणि ती पाठही केली होती, म्हणून पानं खालीच ठेवली. सुरेख बोलत होता. आमच्याकडच्या ओढ्याला आता फेस येतो, माश्या तिथे पाणी पीत नाहीत, असं काहीतरी सांगत होता. सभागृह पहिल्यांदाच ऐकत होतं. मी मात्र घड्याळ बघत होतो. तीन मिनिटं झाली आणि मी घंटा दिली.

तो थांबला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर असावा. “बरं,” म्हणाला आणि बसला. मग त्याने खिशातून रुमाल काढला. तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. मनापासून वाटली. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता, कारण मास्तर घड्याळ उंच धरून उभे राहिले होते.

“तीन मिनिटं!” मास्तर गरजले. “अध्यक्ष महाराज, या माणसाला तीनच मिनिटं मिळाली! घंटा पक्षपाती आहे!”

मधवाला विरोधी पक्षाचा, पण मास्तरांना ते भान राहिलं नाही. वर्गात कोणावर अन्याय झाला की मास्तरांचं असंच व्हायचं म्हणे. झालं, आगडोंब! विरोधक म्हणाले, सरकारने घंटा फितवली. सरकार पक्ष म्हणाला, विरोधकांनी. प्रत्येकाने दुसऱ्याची मिनिटं मोजली होती, स्वतःची कोणीच मोजली नव्हती. मी उभा राहिलो. म्हटलं आता सगळं कबूल करावं.

“अध्यक्ष महाराज, चूक माझी...”

“खाली बस!” अध्यक्ष म्हणाले. “तू गरीब माणूस आहेस, तुला यात कोणी ओढत नाहीये. सन्माननीय सभासद घंटेबद्दल बोलताहेत.”

आणि खरंच, माझ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही! काढणार कसं? ज्याने माझं नाव घेतलं असतं, त्याला ‘तुला कसं कळलं?’ हेही सांगावं लागलं असतं. त्यामुळे सगळा दोष पितळेवर आला. वजनमापं खात्याचा तज्ज्ञ बोलावला गेला. त्याने घंटा उलटी करून आत टॉर्च मारला. घड्याळ उघडलं, बंद केलं. दहावा दिवस चौकशीत गेला. अकरावा दिवस घंटेच्या स्वातंत्र्यावर चर्चेत गेला. त्या चर्चेतही घंटा मलाच वाजवायची होती! आता एक्क्याऐंशीच्या एक्क्याऐंशी सभासदांनी मनगटी घड्याळं बाकावर काढून ठेवली होती, आणि मी पाच म्हणजे पाच मिनिटांनी घंटा देत होतो. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

रोज संध्याकाळी ताईच्या घरावरून जायचो. ती दारातूनच विचारायची, “सदतीसचं काय?”

“निळ्या फायलीत आहे.”

“म्हणजे मिळालं?”

“मिळाल्यात जमा.”

ती बटणकडे वळून सांगायची, “मामा म्हणतोय मिळाल्यात जमा.” बटण हसायची. तिने पांढऱ्या गणवेशाचं माप देऊन ठेवलं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी पावणेपाचला घटनेत एक नवीन कलम एकमताने घालण्यात आलं. कलम एकशे बारा: ‘सभागृहातील घंटा स्वतंत्र व निःपक्ष राहील. बोलण्यास उभ्या राहिलेल्या प्रत्येक सभासदास पूर्ण पाच मिनिटे मिळतील. पूर्ण पाच मिनिटे शिल्लक नसल्यास कोणासही बोलण्यास उभे करता येणार नाही.’ टाळ्यांचा कडकडाट! हरकतसाहेबांनी मास्तरांना मिठी मारली. बारा दिवसांत एकमताने झालेली ही एकच गोष्ट.

मी निळी फाईल घेऊन उभा राहिलो. चार वाजून एकोणपन्नास मिनिटं. हातात अकरा मिनिटं, लागणार दहा. जमत होतं, वाचकहो! मी पहिलं पान उघडलं.

“थांब,” अध्यक्ष म्हणाले. “आधी फोटो.”

फोटोग्राफर दोन तास ताटकळला होता. एक्क्याऐंशी माणसं तीन रांगांत उभी करायची म्हणजे गंमत नाही! उंच मागे, बुटके पुढे. पुढच्या रांगेत बसण्यावरून बागायतदारबाईंचं आणि मास्तरांचं वाजलं. अध्यक्षांनी डोळे मिटले म्हणून फोटो दुसऱ्यांदा काढला. मी कोपऱ्यात फाईल छातीशी धरून उभा. फोटोत मी आहे, नीट बघितलं तर. तोंड उघडं आहे.

चार वाजून छप्पन्न मिनिटांनी सगळे जागेवर बसले. अध्यक्षांनी विचारलं, “आता काय राहिलं?”

“निळी फाईल, महाराज. सत्तेचाळीस कलमं.”

“त्यावर कोणाचा काही आक्षेप?”

“कोणाचाच नाही, महाराज!”

“मग घाई काय आहे?” अध्यक्ष हसले. “ज्यावर वाद नाही ते कुठे पळून जाणार? पुढच्या सभागृहाकडे पाठवू.”

डॉक्टरीणबाई ताडकन उभ्या राहिल्या. “अध्यक्ष महाराज! त्या फायलीत...”

“हरकत!” हरकतसाहेब म्हणाले. “घड्याळात चार मिनिटं आहेत. बाईंना पूर्ण पाच मिळत नाहीत. कलम एकशे बारा! त्यांच्याच हक्काचं रक्षण करतोय मी.”

“हरकत बरोबर आहे,” अध्यक्ष म्हणाले. “बसा, बाई.”

बाई बसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं, नाहीतर आपापल्या मनगटाकडे. मी मनात म्हटलं, वाजवू नकोस. हात मोडला म्हण, चक्कर आली म्हण, घंटा खिडकीतून बाहेर फेक! बारा दिवस कोणाकोणासाठी घंटा लांबवलीस, आता घरच्या पोरीसाठी लांबव! पण एक्क्याऐंशी घड्याळं टिकटिकत होती आणि माझ्यात तेवढा दम नव्हता. ठीक पाचला मी घंटा दिली. बारा दिवसांत इतकी बरोबर घंटा मी दिली नव्हती.

सभा बरखास्त झाली. डॉक्टरीणबाई पायऱ्या उतरून टेबलाशी आल्या.

“सदतीस लालमध्ये होतं. दुसऱ्या दिवशी ते यादीत नाही म्हणून मी विचारलं, तर तू म्हणालास क्रम बदललाय. निळ्यात कसं गेलं?”

“मी घातलं, बाई. म्हटलं तिथे कोणी हात लावणार नाही.”

“नाहीच लावला कोणी,” बाई म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसू लागल्या. “मी दोन महिने एकेकाच्या घरी जाऊन मतं जमवली होती. एक्केचाळीस लागत होती. माझ्याकडे सेहेचाळीस होती. त्यात तुझा तो हरकतसाहेबसुद्धा होता. मला म्हणाला होता, बाई, हरकत मी सवयीने घेतो, मत तुम्हालाच देईन.”

मी खुर्चीत बसलो. विचारलं, “पुढचं सभागृह कधी बसेल?”

“निवडणुका झाल्या की.”

“निवडणुका कधी?”

“निवडणुकांचं कलम,” बाई म्हणाल्या, “निळ्या फायलीत आहे.”

पिण्याचं पाणी निळ्या फायलीत होतं. पोरांच्या शाळा निळ्या फायलीत होत्या. चौकशीशिवाय कोणाला कोठडीत टाकायचं नाही, हेही निळ्या फायलीत. ज्याला नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही, ते सगळं माझ्या बगलेत होतं. देशाच्या हाती लागला तो एक पक्षी, आणि तोही कुठे बघायचं ते न ठरल्यामुळे समोर बघणारा.

ताईच्या दारात त्या दिवशी मी पाच मिनिटं उभा होतो. ती विचारायच्या आधीच मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, मिनिटं, मधवाला, फोटो, सगळं. तिने मला एकदाही मध्ये तोडलं नाही.

“सेहेचाळीस होती?” ती म्हणाली.

“हो.”

“आणि एक्केचाळीस पुरली असती?”

“हो ताई.”

“तुला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?”

आतून बटण आली. तिने अर्ज हातात घेतला होता. त्यावरचा स्वतःचा फोटो ती नखाने हळूहळू सोडवत होती, फाटू नये म्हणून. पुढे कधीतरी दुसऱ्या अर्जाला लागेल, म्हणाली.

महिना संपला. मेट्रनबाईंनी जागा दुसऱ्या मुलीला दिली, त्यांचाही नाइलाज होता. बटण आता ताईबरोबर धुलाईखान्यात जाते. तिथे कागद विचारत नाहीत. नर्सेसचे गणवेश तिच्या हातून इस्त्री होतात, आणि ताई सांगते, कॉलरला तिच्यासारखी कडक इस्त्री कोणाची नाही.

मागच्या आठवड्यात मला सरकारकडून एक मोठा लिफाफा आला. आत जाड कागदावरचं प्रशस्तिपत्र! ‘घटना सभेतील निःपक्ष व अचूक वेळपालनाबद्दल.’ वर तो समोर बघणारा पक्षी, खाली अध्यक्षांची सही, आणि मध्ये सोनेरी अक्षरांत माझं संपूर्ण नाव, माझ्या वडिलांच्या नावासकट. मी ते कपाटात सारत होतो, तेवढ्यात बटण आली. तिने हातातून काढून घेतलं, दोनदा वाचलं, वडिलांच्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, “मामा, एवढा चांगला सरकारी कागद कपाटात कशाला? आपल्या घरात कोणाला तरी मिळाला!”

खिळाही तिनेच ठोकला. आता ते माझ्या भिंतीवर आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवते. तुम्ही कधी आलात तर कृपा करून वाचू नका.